पुरणपोळी आणि कडबा

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पशुवैद्याचा फोन भल्या सकाळी वाजू लागतो. गावे वेगवेगळी, तक्रार मात्र एकच. बैल वैरणीला तोंड लावत नाही, रवंथ बंद आहे, डावी भकाळी दाबली तर आत पाणी डचमळल्यासारखे लागते, शेण पातळ पडते आणि त्याला आंबूस वास येतो. काल काय खाल्ले, असे विचारले की घरधनी म्हणतो, "सणाचंच, डॉक्टर. दुसरं काही नाही." सणाचे म्हणजे पुरणपोळ्या. घरच्या मालकिणीने ओवाळून भरवलेल्या, मग चार दारांवर मिळालेल्या, वर पोरांनी हौसेने पुढे केलेल्या. वर्षभर ज्याच्या मानेवर जू असते, त्याला सणाच्या दिवशी देताना कोणाचाच हात आखडत नाही.

त्या मायेत खोट नाही. पण जी पोळी आपल्याला सहज पचते, तिने बैल आजारी का पडतो? आणि जो कडबा आपण खाल्ला तर तसाच बाहेर पडेल, त्यावर हाच बैल वर्षभर औत कसा ओढतो? या दोन्ही प्रश्नांचे उत्तर त्या डाव्या भकाळीच्या आत आहे. ते समजून घेण्यासाठी कडब्याच्या एका घासाबरोबर शेवटपर्यंत जाऊ या.

कडब्यात दडलेली साखर

ज्वारीच्या दाण्यात स्टार्च असतो, ताटात सेल्युलोज. दोन्ही पदार्थ ग्लुकोज या एकाच साखरेचे मणी ओवून बनलेले असतात. फरक आहे तो मणी जोडणाऱ्या गाठीत. स्टार्चची गाठ आपल्या आतड्यातले पाचकरस सोडवू शकतात, सेल्युलोजची सोडवू शकत नाहीत. सेल्युलोजचे धागे एकमेकांना घट्ट बिलगून बसतात आणि त्यांच्याभोवती लिग्निन या कठीण पदार्थाचे लिंपण असते. ताट जितके जून, तितके हे लिंपण जाड.

गाय, म्हैस, शेळी, मेंढी यांच्या स्वतःच्या शरीरातही ही गाठ सोडवणारा पाचकरस तयार होत नाही. या बाबतीत गाय आपल्याइतकीच असमर्थ आहे. तिने काय केले, तर ज्यांना ते जमते अशा जीवांना आपल्या पोटात घर दिले.

एका घासाचा प्रवास

गायीला वरच्या जबड्यात पुढचे दात नसतात. ती जिभेने वैरण ओढते, जेमतेम चावते आणि गिळते. घास पोचतो तो कोठीपोटात. पोटाच्या चार कप्प्यांतला हा सर्वांत मोठा कप्पा. मोठ्या संकरित गायीत तो शंभर ते दोनशे लिटरचा असतो, मेंढीत दहा ते वीस लिटरचा. पोटाची जवळजवळ सगळी डावी बाजू त्याने व्यापलेली असते. धान्य भरून ठेवण्याच्या कोठीवरून त्याला हे नाव पडले असले, तरी काम साठवणीपुरते नाही. ही आंबवण्याची टाकी आहे.

त्याला लागून पुढे जाळीपोट असते. आतून मधमाशीच्या पोळ्यासारखे दिसणारे. जड वस्तू इथे तळाशी बसतात. वैरणीबरोबर गेलेली तार किंवा खिळा इथेच अडकतो, आणि पलीकडे हृदय असल्यामुळे तो पुढे सरकला तर जनावर दगावते. गव्हाणीजवळ तारेचा तुकडा पडू देऊ नये, तो यासाठी.

पोट भरले की गाय सावलीत बसते आणि गिळलेला घास परत तोंडात आणते. हे रवंथ. एक घास चाळीस ते साठ वेळा चावला जातो, गिळला जातो आणि क्षणभरात दुसरा वर येतो. भरपूर वैरण खाणारी गाय दिवसाचे सहा ते आठ तास यात घालवते. या चावण्याने दोन कामे होतात. ताटाचे बारीक तुकडे होऊन आतल्या जीवांना शिरायला जागा मिळते, आणि लाळ सुटते. मोठी गाय दिवसाला शंभर लिटरहून अधिक लाळ गिळते. त्या लाळेत खाण्याच्या सोड्याचाच घटक असतो. म्हणजे आम्लतेवरचे आपले औषध गाय स्वतःच बनवते, मात्र चावायला लांब धाग्याची वैरण मिळाली तर.

आता डाव्या भकाळीवर मूठ दाबून उभे राहा. दोन मिनिटांत दोन-तीन वेळा आतून लाट येऊन मुठीला उचलते. कोठीपोट आपला ऐवज ढवळते आहे. कडबा इथे दोन दिवसही राहतो. घाई केली तर त्यातून काही निघत नाही.

अंधारातली वस्ती

आत ३९ अंशांच्या आसपास ऊब असते, भरपूर पाणी असते, सतत येणारे अन्न असते आणि हवा जवळजवळ नसते. घासाबरोबर थोडा ऑक्सिजन गेलाच, तर काही जीव तो लगेच वापरून टाकतात. या जागी राहणाऱ्यांची संख्या ऐकून मन थक्क होते. एका मिलिलिटर द्रवात हजार कोटींहून अधिक जिवाणू असतात. त्यांच्याहून कितीतरी मोठे, सूक्ष्मदर्शकाखाली लगबगीने पोहताना दिसणारे आदिजीव लाखाच्या घरात असतात. शिवाय बुरशी, आणि मिथेन वायू बनवणारे प्राचीन कुळातले सूक्ष्मजीव.

आदिजीव प्रथम दिसले १८४३ साली. ग्रूबी आणि डेलाफाँ या पॅरिसमधल्या दोघा संशोधकांनी त्यांचे वर्णन केले. जिवाणूंचा अभ्यास मात्र रखडला, कारण हवा लागली की ते मरत. हवेचा स्पर्श होऊ न देता त्यांना नळीत वाढवण्याची रीत अमेरिकेतल्या रॉबर्ट हंगेट यांनी विसाव्या शतकाच्या मध्याला बसवली आणि या वस्तीचे दार उघडले. बुरशी तर १९७५ पर्यंत ओळखलीच गेली नव्हती. तिची पोहणारी बीजे सर्वांना आदिजीवच वाटत होती. कॉलिन ऑर्पिन यांनी मेंढीच्या कोठीपोटातल्या या जीवांची खरी ओळख पटवली.

कामाची वाटणी अशी. बुरशी आपले तंतू ताटात घुसवते आणि ते आतून उकलते. मग फायब्रोबॅक्टर, रुमिनोकोकस यांसारखे जिवाणू धाग्याला चिकटतात आणि सेल्युलोजची गाठ सोडवतात. काही जिवाणू स्टार्चवर जगतात, काही साखरेवर, काही दुसऱ्यांनी टाकलेल्या पदार्थांवर. आदिजीव स्टार्चचे कण गिळून ठेवतात आणि जिवाणूंनाही खातात. लिग्निनला मात्र यांच्यापैकी कोणी हात लावू शकत नाही, कारण ते तोडायला हवा लागते. म्हणून जून वैरणीतला मोठा भाग शेणात जातो, आणि फुलोऱ्यात कापलेला चारा पिवळ्या काडापेक्षा जास्त दूध देतो.

दूध कशाचे बनते

सेल्युलोजमधून निघालेली साखर गायीला मिळत नाही. ती जीवच खाऊन टाकतात. त्यांच्याकडून जे उरते ते गायीचे. साखर आंबवताना ते तीन हलकी आम्ले बाहेर टाकतात: ॲसिटिक, म्हणजे व्हिनेगरमधले, प्रोपिऑनिक, आणि ब्युटिरिक. वैरण मुख्य असेल तर यांचे प्रमाण साधारण ६५, २० आणि १५ टक्के असते. कोठीपोटाच्या भिंतीवर टर्किश टॉवेलसारखी लव असते. तिच्यातून ही आम्ले रक्तात शिरतात, आणि जनावराला लागणाऱ्या ऊर्जेपैकी सुमारे ७० टक्के ऊर्जा त्यांतूनच येते.

ॲसिटिक आणि ब्युटिरिक आम्लांपासून कासेत दुधाचे जवळपास निम्मे फॅट बनते. प्रोपिऑनिक आम्ल यकृतात जाते आणि तिथे त्याची साखर होते. दुधाच्या एका लिटरमध्ये सुमारे ४५ ते ५० ग्रॅम दुग्धशर्करा असते. वीस लिटर दूध देणारी गाय रोज जवळपास किलोभर साखर बादलीत देते, आणि तिच्यासाठी लागणारे ग्लुकोज मुख्यतः तिचे यकृत बनवते.

संकलन केंद्रावर फॅट ३.५ च्या खाली लागले की पहिली शंका मापावर जाते. माप तपासावेच. पण त्याआधी गोठ्यात बसलेल्या गायींकडे पाहावे. निवांत बसलेल्यांपैकी निम्म्या तरी रवंथ करत असल्या पाहिजेत. खुराक वाढवला आणि वैरण कमी केली, किंवा कुट्टी पिठासारखी बारीक केली, तर चावणे कमी, लाळ कमी, आत आम्लता जास्त. मग धागा पचवणारे जिवाणू मंदावतात, ॲसिटिक आम्ल घटते आणि फॅट उतरते. कुट्टी दोन-तीन सेंटिमीटरची ठेवावी.

आंबवताना हायड्रोजनही सुटतो. तो साचला तर सगळे काम अडेल. मिथेन बनवणारे जीव तो उचलतात आणि गाय तो वायू ढेकरेतून बाहेर सोडते. ढेकर अडकली तर पोटफुगी होते. ओल्या कोवळ्या लसूणघासावर उपाशी जनावर सोडले, की वायूचा फेस होतो आणि ढेकर बाहेर पडत नाही. मिथेन हवामानाला घातक आहेच, शिवाय तो शेतकऱ्याच्या पैशाने विकत घेतलेल्या ऊर्जेची गळती आहे. २०१९ च्या पशुगणनेनुसार देशात १९ कोटींहून अधिक गायी-बैल आणि जवळपास ११ कोटी म्हशी आहेत. त्यांना समतोल चारा मिळाला तर दुधाच्या दर लिटरमागे ही गळती कमी होते.

प्रथिनांचा आडमार्ग

जिवाणू आंबवतात तसे वाढतातही. दर घटकेला लाखो-कोटी जीव पाण्याबरोबर पुढे वाहतात. तिसऱ्या कप्प्यात, पडदेपोटात, पाणी शोषले जाते आणि चौथ्या, खऱ्या पोटात आपल्यासारखेच आम्ल आणि पाचकरस असतात. तिथे जिवाणूंचे कवच फोडणारा एक खास रसही असतो. ज्यांनी कडबा पचवला ते जीव इथे स्वतः पचतात. गायीला मिळणाऱ्या प्रथिनांचा अर्ध्याहून मोठा वाटा या मार्गाने येतो.

जीवांना वाढायला नत्र लागते, आणि ते पेंडीतूनच यावे असा त्यांचा आग्रह नसतो. साधा अमोनियाही त्यांना चालतो. फिनलंडचे नोबेलविजेते रसायनशास्त्रज्ञ आर्तुरी व्हिर्तानेन यांनी १९६६ साली दाखवून दिले, की नत्रासाठी फक्त युरिया आणि अमोनियाचे क्षार दिलेल्या गायीही दूध देतात. कडब्यावर युरियाची प्रक्रिया करतात ती याच आधारावर. १०० किलो कोरड्या वैरणीवर ४ किलो युरिया सुमारे ५० लिटर पाण्यात पूर्ण विरघळवून थराथराने शिंपडायचा, वैरण दाबून हवाबंद झाकायची आणि २१ दिवसांनी उघडायची. उघडल्यावर वास उडून जाऊ द्यायचा आणि थोड्या प्रमाणाने सुरुवात करायची. सहा महिन्यांखालच्या वासराला ती देऊ नये. आणि युरिया नुसता पाण्यात कालवून किंवा खुराकावर अंदाजाने टाकून कधीही देऊ नये. अमोनिया एकदम सुटला तर जीवांना तो वापरता येत नाही, रक्तात चढतो आणि तासा-दोन तासांत जनावर जाते.

मेंढीचे हिशेब थोडे वेगळे. लोकर म्हणजे जवळजवळ निव्वळ प्रथिन, आणि त्यात गंधक भरपूर. नत्राबरोबर गंधक मिळाले तरच कोठीपोटातले जीव लोकरीला लागणारे घटक घडवू शकतात. उन्हाळ्यात माण-खटावच्या माळावर काडी-काडी वेचणारी दख्खनी मेंढी आणखी एक काटकसर करते. सगळ्याच रवंथ करणाऱ्यांना ती येते, पण दुष्काळात तिची खरी किंमत कळते. रक्तातला युरिया मूत्रावाटे फेकून न देता ती त्याचा काही भाग लाळेतून आणि कोठीपोटाच्या भिंतीतून परत आत सोडते. जीव त्याचे पुन्हा प्रथिन करतात.

हेच जीव ब गटातली जीवनसत्त्वेही बनवतात. त्यांतल्या बी-१२ साठी त्यांना कोबाल्टचा कण लागतो. ऑस्ट्रेलियाच्या काही भागांत गवत मुबलक असूनही मेंढ्या खंगून मरत. जमिनीत कोबाल्ट नाही हे कारण १९३५ साली उघड झाले. क्षारमिश्रणाची पिशवी पाहून जे तिला फालतू खर्च म्हणतात, त्यांनी हे लक्षात ठेवावे.

वासराचे पोट

जन्मलेल्या वासराचे कोठीपोट लहान आणि निरुपयोगी असते. चौथे पोट मोठे असते. वासरू चोखू लागले की अन्ननलिकेच्या शेवटी एक पन्हळ तयार होते आणि दूध कोठीपोटाला वगळून थेट चौथ्या पोटात उतरते. वस्ती बाहेरून येते: आईच्या चाटण्यातून, लाळेतून, गव्हाणीतल्या काडीतून. मात्र भिंतीवरची लव वाढते ती आंबण्यातून निघालेल्या आम्लांनी, विशेषतः ब्युटिरिकने, आणि नुसत्या दुधाने ती वाढत नाही. म्हणून दुसऱ्या आठवड्यापासून वासरापुढे मूठभर खुराक आणि स्वच्छ पाणी असावे. कालवडीचे पुढचे दूध इथे ठरते.

पोळ्याच्या रात्री आत काय घडते

आता त्या बैलाकडे परत जाऊ. त्याच्या कोठीपोटात वर्षभर कडबा पचवणाऱ्यांचे राज्य आहे. संध्याकाळी अचानक तिथे गव्हाची कणीक, डाळ आणि गूळ येतो. चावायला धागा नाही, म्हणून लाळ नाही. पिठावर आणि साखरेवर झपाट्याने वाढणारे जिवाणू एरवी थोडके असतात. त्यांची संख्या आता मिनिटांच्या हिशेबाने दुप्पट होते. ते लॅक्टिक आम्ल सोडतात, दह्याला आंबट करणारे तेच, पण कोठीपोटाच्या नेहमीच्या आम्लांहून खूप तीव्र. एरवी सहा ते सातच्या दरम्यान राहणारा सामू साडेपाचच्या खाली घसरतो. कडबा पचवणारे जिवाणू थांबतात, आदिजीव मरतात. त्या दाट आम्लाकडे रक्तातले पाणी ओढले जाते. म्हणून पोट डचमळते आणि डोळे खोल जातात. भिंतीची लव भाजते, आम्ल रक्तात उतरते. यातून वाचलेला बैल पुढे खुरांच्या दाहाने लंगडू शकतो.

लग्नाचा उरलेला भात, शिळ्या चपात्यांचा ढीग, मक्याच्या भरड्याचे उघडे राहिलेले पोते, काढणीनंतरच्या रानात पडलेली कणसे आणि त्यांवर तुटून पडलेला मेंढ्यांचा कळप, या सगळ्यांची गोष्ट हीच आहे. मेंढ्यांत त्यात आंत्रविषाराची भर पडते. न पचलेले पीठ आतड्यात उतरले, की तिथला रोगजंतू विष तयार करतो आणि धडधाकट कोकरू सकाळी मेलेले सापडते. त्याची लस पावसाळ्याआधी टोचून घ्यावी.

असे जनावर दिसले की पशुवैद्याला ताबडतोब बोलवावे. सोडा किती द्यायचा, सलाइन लागेल का, हे तेच ठरवतील. एक जुना आणि शास्त्रशुद्ध उपायही ते करतात. निरोगी जनावराच्या कोठीपोटातला द्रव काढून आजारी जनावराला पाजतात, म्हणजे उजाड झालेली वस्ती पुन्हा वसते.

पालट सावकाश

या वस्तीला वेळ दिला तर ती पुष्कळ काही शिकते. उसाच्या वाढ्यात ऑक्झॅलेट असते. ते चाऱ्यातले कॅल्शियम बांधून ठेवते. पण ऑक्झॅलेटवरच जगणारा ऑक्झॅलोबॅक्टर नावाचा जिवाणू मेंढीच्या कोठीपोटात सापडला आणि १९८५ साली त्याला हे नाव मिळाले. वाढे हळूहळू वाढवत नेले तर असे जिवाणू वाढतात आणि भार हलका होतो. गळीत हंगामात पहिल्याच दिवशी भारे टाकले तर ती संधी मिळत नाही. हंगामभर क्षारमिश्रण आणि दुसरी वैरण सोबत हवीच.

सुबाभळीची कथा याहून बोलकी आहे. उरुळी कांचनच्या बायफ संस्थेने आपल्याकडे जिचा मोठा प्रसार केला ती हीच. तिच्यातल्या मिमोसिन या द्रव्याने ऑस्ट्रेलियातली गुरे आजारी पडत, हवाईतल्या शेळ्या मात्र ठणठणीत राहत. रेमंड जोन्स यांनी ओळखले, की फरक शेळीत नसून तिच्या पोटातल्या जिवाणूत आहे. १९८० च्या दशकात ते जिवाणू ऑस्ट्रेलियातल्या गुरांच्या कोठीपोटात सोडले गेले आणि तिथली गुरेही सुबाभूळ पचवू लागली. १९९२ साली त्या जिवाणूला दिलेल्या नावात, सिनर्जिस्टिस जोन्सी, जोन्स यांचे नाव आहे.

तेव्हा नियम एकच आणि साधा आहे. कडब्यावरून मुरघासावर, कोरड्यावरून ओल्यावर, कमी खुराकावरून जास्तीवर जाताना दहा ते पंधरा दिवस घ्यावेत. रोज थोडे जुने काढावे, थोडे नवे घालावे. खुराक एकदम न देता दोन-तीन वेळांत विभागावा. आधी वैरण, मग खुराक. पाणी कायम पुढे असावे.

आणि येत्या पोळ्याला बैलाला ओवाळा, गोंडे बांधा, शिंगे रंगवा, नैवेद्यही जरूर भरवा. पण सगळ्या घरांचा मिळून एक-दोन पोळ्यांवर थांबा, आणि मिरवणुकीला नेण्याआधी त्याला पोटभर कडबा खाऊ घाला. रात्री दावणीला बांधल्यावर त्याच्या डाव्या भकाळीवर मूठ ठेवून दोन मिनिटे उभे राहा. आतून लाट येते आहे आणि तो रवंथ करतो आहे, एवढे पाहूनच झोपायला जा.